ईयोब गप्प बसला नव्हता

काकू, सलाम.

नाव छापू नका, आमच्या चर्चच्या बायका तुमचं सदर एकमेकींना व्हॉट्सॲपवर पाठवत असतात. मी सोलापूरची, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहते. हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. शुगर आणि बीपी बरीच वर्षं अंगावर काढलं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे मिळतात.

डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. सकाळी एक बाटली भरून ठेवते, दिवसभरात तेवढंच. एप्रिल-मे मध्ये हे नुसते त्या बाटलीकडे बघत बसतात. मी स्वयंपाकघरात जाऊन, पाठ फिरवून, आवाज न करता पाणी पिते.

लग्नाआधीपासून मला पहाटे उठून प्रार्थना करायची सवय. आता डोळे मिटले की एकच येतं, ‘कुठे आहेस तू? दिसत नाही का तुला?’ मग तशीच उठते आणि भांडी घासायला घेते. रविवारी उपासनेत ओठ हलवते, गात नाही. सासूबाई म्हणतात, बायबलमधल्या ईयोबाकडे बघ, सगळं गेलं तरी तोंडातून ब्र काढला नाही त्याने. मध्यंतरी एका प्रार्थना सभेला गेलो. बाहेरगावहून आलेल्या उपदेशकाने सगळ्यांसमोर सांगितलं, या घरात लपलेलं पाप आहे. खरा विश्वास असेल तर डायलिसिस सोडून दाखवा आणि देवाच्या कामात पंचवीस हजाराचं बी पेरा. धाकटे दीर पैसे जमवायच्या मागे लागलेत. ह्यांनाही वाटतंय, एकदा करून बघावं. मुलगी अकरावीला आहे. ती म्हणते, मला चर्चला चल म्हणू नको.

काकू, माझा विश्वास गेला का? गेला असेल तर परत कसा आणू?

– एक बहीण, सोलापूर

*

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न विश्वासाचा आहे, पण आधी डायलिसिसचं बोलू, कारण त्याला थांबायला वेळ नाही. डायलिसिस सोडायचं नाही. एक पाळीसुद्धा चुकवायची नाही. ‘एकदा करून बघू’ इथे चालत नाही. किडन्या बंद पडल्या की अंगातलं पोटॅशियम बाहेर जात नाही. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि चालता-बोलता माणूस जातो. साठलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं. हे ह्यांना मी सांगून पटणार नसेल तर डायलिसिसच्या डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा, ‘सोडलं तर काय होईल?’ उत्तर त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.

आणि शास्त्रातलं उत्तर हवं असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वर ९१ व्या स्तोत्रातलं वचनही तोंडावर फेकतो. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नये असंही लिहिलं आहे, एवढंच म्हणतो. आता त्या उपदेशकाचं वाक्य पुन्हा वाचा, ‘विश्वास असेल तर सोडून दाखवा.’ शास्त्रात ही भाषा कुणाच्या तोंडी आहे, हे ह्यांना आणि दिरांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, हेही शास्त्रात कुठे नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याला आणखी १५ वर्षं आयुष्य कबूल केलं. आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिराची ढेप आणायला लावून त्याच्या गळवावर बांधली. वचनही मिळालं आणि लेपही लागला. प्रेषित पौलाच्या सोबत लूक होता, तो वैद्य. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर काय घ्यावं हे पौल पत्रातून कळवतो. पंचवीस हजारांचं म्हणाल तर प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाचा जादूगार देवाचं दान पैशाने विकत घ्यायला येतो. पेत्र त्याला जे ऐकवतो ते इतकं कडक आहे की मी इथे लिहीत नाही, आठवा अध्याय आहे, दिरांना वाचायला द्या. त्यांची भावावर माया आहे हे दिसतंय. त्यांना म्हणा, जमवलेले पैसे औषधांना आणि रिक्षाला द्या.

‘लपलेलं पाप’ या विषयावर मला फार शाई खर्च करायची नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं त्याने स्वतःच विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. ह्यांच्या किडन्या शुगर आणि बीपीने गेल्या असणार. जगभरात किडन्या बंद पडण्याची हीच दोन मोठी कारणं आहेत. चारचौघांत घराची अब्रू काढणाऱ्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, चांगलं केलंत. पण तो शब्द घरी घेऊन येऊ नका.

आता ईयोब.

सासूबाई खोटं सांगत नाहीत. त्यांच्या लहानपणापासून संडे स्कूलला, कीर्तनात, अंत्यविधीला त्यांनी ऐकलेला ईयोब तसाच आहे. याकोबाच्या पत्रातही ईयोबाच्या धीराची वाखाणणी आहे. गुरं गेली, नोकर गेले, वादळात घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली गेल्या, आणि तो म्हणाला, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ आपल्याकडे कुणी गेलं की हे वचन पत्रिकेवर छापलेलं असतं. पण हा पहिला अध्याय आहे. दुसऱ्यात तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो, तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात. बऱ्याच उपदेशांमधला ईयोब इथे संपतो आणि एकदम शेवटच्या पानावर, सगळं दुप्पट मिळाल्यावर, पुन्हा उगवतो. पुस्तक ४२ अध्यायांचं आहे.

तिसरा अध्याय उघडा. पहिल्याच ओळींत ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मी पोटातच का मेलो नाही, म्हणतो. आणि मग थांबतच नाही. सातव्या अध्यायात देवाला म्हणतो, तू माझ्यावर इतकी नजर ठेवून का बसला आहेस, आवंढा गिळेपर्यंत तरी मला सोड. नवव्यात म्हणतो, निर्दोष आणि दुष्ट, तो दोघांचाही सारखाच नाश करतो. तेराव्यात त्याला देवाशी समोरासमोर वाद घालायचा आहे. विसाव्या शतकात कुणा नास्तिकाने लिहिलंय असं वाटावं असं बोलतो तो. ब्र काढला नाही म्हणे! त्याने वीसएक अध्याय घर डोक्यावर घेतलंय.

आणि मित्र? एलीफज, बिल्दद, सोफर. गप्प बसले होते तोवर बरे होते. बोलायला लागले आणि देवाची वकिली सुरू केली. देव न्यायी आहे, तेव्हा तुझं काहीतरी चुकलंच असणार. पाप कबूल कर, सगळं ठीक होईल. ऐकल्यासारखं वाटतं ना? एकेक वाक्य सुटं काढलं तर सुंदर आहे, भिंतीवर लावण्यासारखं आहे. ईयोब त्यांना म्हणतो, तुम्ही सगळे नुसता ताप देणारे सांत्वनकर्ते आहात.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. तो ईयोबाला कारण सांगत नाही. ईयोबाची परीक्षा घेण्यावरून सुरुवातीला देवाचं सैतानाशी काय बोलणं झालं होतं ते वाचकाला माहीत आहे, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. देव त्याला बर्फाच्या भांडारांबद्दल विचारतो, रानशेळ्या कधी वितात ते विचारतो, शहामृगाच्या अंड्यांबद्दल बोलतो. मला हा भाग वर्षानुवर्षं खटकत आला आहे, आजही तो मला पूर्ण पचलेला नाही. पण त्यानंतर, बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत, देव एलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. सात बैल आणि सात एडके घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील.

ताई, हे दोनदा वाचा. देवाची बाजू घेणाऱ्यांवर देव रागावला, आणि ज्याने देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तो नीट बोलला असा निकाल दिला. का? मला एक फरक दिसतो. मित्र सगळा वेळ देवाबद्दल बोलत राहिले. देवाशी बोलला तो फक्त ईयोब. शिव्या घालत, रडत, पण त्याच्याशी. तुम्ही पहाटे डोळे मिटून ‘कुठे आहेस तू’ म्हणता आणि प्रार्थना जमली नाही असं समजून भांड्यांकडे वळता. तीच प्रार्थना होती. लांब नव्हती, एवढंच. १३ वं स्तोत्र जवळपास तेवढंच आहे, सहा ओव्यांचं, आणि त्यात ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न चार वेळा आहे. ८८ वं स्तोत्र तर सुरू होतं आर्ततेने आणि संपतं अंधारात. शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ असली जोडओळही नाही. ज्यांनी हे १५० स्तोत्रांचं पुस्तक उपासनेसाठी जमवलं त्यांनी ते गाळलं नाही. या पुस्तकातली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या रविवारच्या उपासनेत तितकी गाऱ्हाणी ऐकू येत नाहीत, हा उपासना आखणाऱ्यांचा दोष, तुमचा नाही. खुद्द येशू वधस्तंभावर ओरडला तो २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ घेऊन, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्याचा विश्वास गेला होता, असं कुणी म्हणेल का?

आणि आपण मराठी माणसं. आपल्या जिल्ह्यातच पंढरपूर. जनाबाईने विठ्ठलाला हक्काने शिव्या घातल्या, नामदेव त्याच्याशी भांडला, आणि वारकऱ्यांनी ते अभंग जपून ठेवले. नारायण वामन टिळकांनी तीच अभंगाची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली. देवाशी भांडणं आपल्याला परकं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ म्हणजे आजार बरा झाल्याची, नोकरी लागल्याची गोष्ट अशी सवय पडली आणि ज्यांचं अजून काहीच सुटलेलं नाही त्यांना उभं राहून बोलायला जागा उरली नाही.

एक गोष्ट मात्र मला सासूबाईंपेक्षा वेगळी दिसते. त्या तुम्हाला ईयोबाच्या जागी बसवतात. ती जागा तुमच्या मालकांची आहे. तुम्ही ईयोबाच्या बायकोच्या जागी आहात.

तिला कुणी विचारत नाही. पुस्तकात तिच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, देवाला शिव्याशाप दे आणि मर, आणि तेवढ्यावरून पिढ्यान्पिढ्या उपदेशकांनी तिला सैतानाची मदतनीस करून टाकलं. पण ती दहा मुलं तिचीही होती. तिने ती पोटात वाढवली होती. ईयोबाचं सांत्वन करायला तीन मित्र आले, सात दिवस बसले. तिच्याजवळ कोण बसलं? पुस्तक एक शब्द सांगत नाही. एकोणिसाव्या अध्यायात मात्र ईयोबाचं एक ओझरतं वाक्य आहे, माझा श्वास माझ्या बायकोला नकोसा झाला आहे. किडनीच्या आजारात तोंडाला कसा वास येतो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या वाक्यावरून मला एवढं कळतं की सगळे नातेवाईक, नोकरचाकर पाठ फिरवून गेले तेव्हा त्याचा श्वास अंगावर येईल इतक्या जवळ ती होती. शेवटी त्याला पुन्हा दहा मुलं झाली. दुसरी बायको केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे ज्या बाईने एकदा ‘मर’ म्हटलं ती राहिली होती, आणि देवाने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. मित्रांना दिला.

हे मी अशासाठी लिहिते आहे की दुखणेकऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं दुःख आपल्याकडे मोजतच नाहीत. सगळे येतात, ‘दादा कसे आहेत’ विचारतात, तुमच्या हातचा चहा पिऊन जातात. तुम्ही आठवड्यातून तीनदा दवाखाना करता, उरलेल्या वेळात शिलाई मशीनवर बसता, पाणी लपून पिता. आणि वर पहाटेची प्रार्थना पूर्वीसारखी होत नाही म्हणून स्वतःलाच गुन्हेगार ठरवता.

एलियाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रानात एका झुडपाखाली पडून तो म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा. देवाने त्याला उपदेश केला नाही, विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही. देवदूत आला, त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, म्हणाला, उठ, खा. एलिया खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर, आणि तेही ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून माझा पहिला आध्यात्मिक सल्ला असा की पहाटे उठू नका. निदान काही महिने. तासभर जास्त झोपा आणि सकाळी भाकरी खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एलियासारखं ‘पुरे झालं’ तुमच्याही मनात येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते देवाला तर सांगाच, पण डॉक्टरलाही सांगा. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

दुसरं, प्रार्थना तुमच्याकडून होत नसेल तर ती दुसऱ्यांना करू द्या. कफर्णहूममध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी बाजेवर घालून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना तर छप्पर उसकटून खाली सोडलं. मार्काने लिहिलंय, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवर पडलेल्याचा किती होता, याची चौकशीच केली नाही. तुम्हाला चौघी हव्यात. तुमच्या पाळकांना आणि महिला मंडळाच्या बाईंना भेटा, आणि नुसतं ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणून येऊ नका. नेमकं मागा. आठवड्यातली एक पाळी दुसऱ्या कुणीतरी ह्यांच्यासोबत जायचं. डायलिसिसच्या मशीनवर चार तास लागतात, तेवढ्यात तुमच्या कडा शिवून होतात किंवा तुम्ही नुसत्या आडव्या होता. मागायला लाज वाटेल. मंडळीचं कामच ते आहे, आणि सांगितल्यावर येणारी माणसं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. नाही आली तर मला पुन्हा लिहा, मग त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहीन.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्ही त्यात आहात का हे पत्रावरून कळत नाही. नसाल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांचंही हेच काम आहे.

पाण्याचं. सोलापूरचा उन्हाळा आणि मोजलेली बाटली, ही शिक्षा काय आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. मीठ जितकं कमी तितकी तहान कमी, म्हणून शेंगाचटणी, पापड, लोणचं ताटातून जायला हवं. शेंगदाण्यात पोटॅशियमही असतं. सोलापुरी माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं सोपं नाही, पण पाण्याची बाटली तीच रिकामी करते. चूळ भरून टाकता येते, बर्फाचा छोटा खडा चघळता येतो, फक्त तो बाटलीच्या हिशेबात धरायचा. आहारतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. आणि तुम्ही लपून पिता त्याबद्दल. मला वाटतं ह्यांना ते माहीत आहे. दोन खोल्यांच्या घरात काय लपतं? एकदा बोलून टाका. ‘तुमच्यासमोर प्यायला मला जड जातं’ एवढं वाक्य बोललात तरी त्या स्वयंपाकघरातली चोरी संपेल. ते कदाचित म्हणतील, पी की समोर. कदाचित म्हणतील, आतच पी. काही म्हणोत, ठरवलेलं तुम्हा दोघांचं असेल.

विश्वास परत कसा आणू, असं विचारलंत. माझ्याकडे युक्ती नाही. भावना परत येईलच असं वचन मी देत नाही, आजार बरा होईल असंही नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. पंडिता रमाबाईंचं बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये पती गेले. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि एप्रिल १९२२ मध्ये केडगावला त्या स्वतः गेल्या. शेवटची वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणत होत्या. ईयोबाचं ते सगळं भांडण त्यांनी ओळ-ओळ आपल्या हाताने लिहिलं असणार. त्यांना तेव्हा आतून काय वाटत होतं हा तर्क मी करणार नाही. काम चालू होतं, एवढं नक्की. तुम्हीही ह्यांना आठवड्यातून तीनदा घेऊन जाता. आतून कोरडं वाटत असताना जाता. मी त्याला विश्वास म्हणते. तुम्हाला तो शब्द सध्या मोठा वाटत असेल तर राहू द्या, पाळी चुकवू नका म्हणजे झालं.

रोज एक मिनिट निघत असेल तर ते १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. शेवटच्या दोन ओव्यांत भरवशाचं बोलणं आहे. तिथपर्यंत पोचवत नसेल तर चौथ्या ओवीला थांबा. उपासनेत ओठ हलवता, तेही चालू द्या. बाकीचे गातात तेव्हा तुमच्या वाटचंही गातात.

मुलीला ओढून नेऊ नका. लाजर मेला आणि येशू चार दिवस उशिरा आला तेव्हा लाजराची बहीण मार्था उठून वाटेत त्याला गाठायला गेली. दुसरी बहीण मरीया घरातच बसून राहिली. पुढे दोघी त्याला एकच वाक्य बोलल्या, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाशी तो बोलला, पुनरुत्थानावर बोलला. मरीयेला पाहून रडला. घरात बसलेलीला त्याने कमी लेखलं नाही, उलट निरोप पाठवून बोलावून घेतलं. तुमची मुलगी बापाला असं पाहते आहे आणि सभेत ‘या घरात पाप आहे’ असं ऐकून आली आहे. मी तिच्या वयाची असते तर मीही चर्चची पायरी चढले नसते. तिला विचारा, त्या दिवशी तुला काय वाटलं? आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. देवाच्या बाजूने एक शब्द बोलू नका. एलीफजाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

शेवटी ह्यांचं. ‘एकदा करून बघावं’ असं ज्याला वाटतं त्याला मरायचं नसतं, बरं व्हायचं असतं. त्या इच्छेला नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, तिला शास्त्रातलीच दुसरी वाट द्या. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, कुणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. यात माइक नाही, बी पेरणं नाही, डायलिसिस सोडणं नाही. पाळी नसेल त्या दिवशी, संध्याकाळी, तुमच्या घरी, तुमच्या ओळखीच्या पाळकांना बोलवा. आणखी कुणाला बोलवायचं ते ह्यांनाच ठरवू द्या. कारखान्यातला एखादा जुना सोबती त्यांना हवा असेल, तो ख्रिस्ती नसला तरी बोलवा. सासूबाईंना सांगा, त्या दिवशी ईयोबाचा तेविसावा अध्याय वाचायचा, देव मला कुठे सापडेल असं ईयोब म्हणतो तो, आणि वाचायचा त्यांनीच.